बंदुकीला दुर्बीण घेताय? आधी बंदूक पाहा, मग खिसा

वारूळवाडी (ता. जुन्नर) : नारायणगाव-वारूळवाडी भागात कोणालाही 'दुर्बीण कुठे आहे' असे विचारले, तर बोट खोडदच्या दिशेने जाते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ती महाकाय रेडिओ दुर्बीण या भागाचे भूषण आहे. आम्हाला मात्र येथे ज्या दुर्बिणीसाठी बोलावणे आले, ती जेमतेम वीतभर लांबीची होती, आणि ती आकाशाकडे नव्हे तर मक्याच्या शेताकडे रोखायची होती.

आमचे एक जुने वाचक वारूळवाडीत बागायती करतात. थोडा ऊस, थोडा मका, हंगामात टोमॅटो. त्यांना सारे गाव चाचा म्हणते, आम्हीही तेच म्हणू. त्यांनी कळविले होते की, रानडुकरांनी मका लोळविला आहे, वडिलोपार्जित बंदूक घरात आहे, पुण्याच्या एका दुकानदाराने नऊ हजारांची दुर्बीण सुचविली आहे, तर ती घ्यावी की याहून स्वस्त मिळेल? व्यापाराच्या पानावर आजवर आम्ही पंप, ठिबक, शिलाई मशीन असे अनेक विषय घेतले. बंदुकीच्या दुर्बिणीवर लिहिण्याची वेळ प्रथमच आली. पण विचारणारे चाचा एकटे नाहीत. मंचरचे एक निवृत्त सुरक्षारक्षक आणि चाचांचा पुतण्या यांनीही त्याच दिवशी आम्हाला गाठले. तिघांचा प्रश्न एकच होता, उत्तरे मात्र तीन निघाली.

चाचांनी कपाटातून बंदूक काढली. कुलूप, काडतुसांचा डबा वेगळा, परवान्याची वही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, सारे कसे नीटनेटके. बंदूक बारा बोरची जोडनळी. आम्ही म्हणालो, "चाचा, हिला दुर्बीण लावून काय करणार?" ते म्हणाले, "अहो, लांबचं दिसंल, नेम पक्का बसंल." हाच तो गैरसमज, ज्यावर दुकानदारांचे निम्मे गिऱ्हाईक चालते.

बारा बोरची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून छर्रे सुटतात आणि ते पसरत जातात. ३५-४० यार्डांच्या पुढे त्या पसाऱ्यात ना जोर उरतो ना भरवसा. एवढ्या अंतरावर नळीच्या टोकाची पितळी माशी पुरेशी असते, आणि तीच या बंदुकीची खरी दुर्बीण होय. रायफलीची गोष्ट निराळी. तिच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, एकच गोळी फिरत बाहेर पडते आणि शंभर-दोनशे यार्ड सरळ जाते. दुर्बिणीचा उपयोग आहे तो तेथे. म्हणून पहिला सल्ला पैशाचा नसून बंदुकीचा आहे. नळीत डोकावून पाहावे (अर्थात बंदूक उघडून, रिकामी असल्याची खात्री करून). पीळ नसेल तर दुर्बिणीचा विचार तेथेच सोडून द्यावा. चाचांचे नऊ हजार येथेच वाचले.

खेड्यापाड्यांतील बहुतेक परवाने असेच गुळगुळीत नळीचे किंवा ठासणीच्या बंदुकीचे असतात, याला कारण कायदा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये संरक्षण वा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांचा वेगळा उल्लेख आहे. रायफलीचा परवाना मिळविणे त्या मानाने अवघड. तेव्हा 'माझ्या रायफलीला दुर्बीण हवी' असे म्हणणाऱ्या दहा जणांपैकी कितीजणांकडे खरोखर रायफल असते, हे दुकानदाराने आधी विचारायला हवे. तो विचारत नाही, कारण विचारले की विक्री जाते.

आता शिकारीविषयी. जुन्या मंडळींच्या तोंडी ससे, तितर, डुक्कर यांच्या गोष्टी अजून आहेत आणि त्या ऐकायला गोडही लागतात. परंतु १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, तेव्हा परवाना काढून करायची शिकार काही प्रमाणात शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही संपली. आज भारतात हौसेची शिकार नावाची गोष्ट कायद्याने अस्तित्वात नाही. विलायती जाहिरातींत हरणाच्या चित्राशेजारी छापलेली दुर्बीण पाहून जी स्वप्ने पडतात, ती आपल्याकडे थेट कोर्टाच्या पायरीवर नेऊन सोडतात. 'शिकार' या शब्दाची कायद्यातील व्याख्याही मोठी आहे. मारणे, पकडणे, विष घालणे तर आहेच, पण तसा प्रयत्न करणे हेही शिकारीतच मोडते.

राहता राहिली पिकाची राखण. त्यासाठी याच कायद्याचे कलम ११ आहे. पिकाचे वा मालमत्तेचे नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांबाबत अधिकृत वनअधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात रानडुक्कर व रोही यांच्यासाठी अशी परवानगी देण्याची पद्धत आहे आणि त्यासाठी अर्ज वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात करावा लागतो. येथे 'लेखी' हा शब्द वाचकांनी अधोरेखित करावा. गावच्या वनरक्षकाने मान डोलावली, सरपंचाने हो म्हटले, याला काडीचीही किंमत नाही. आणि परवानगीने मारलेला प्राणीही आपला होत नाही, तो सरकारी मालमत्ता ठरतो.

बिबट्याच्या बाबतीत तर हा मार्गही बंद आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत धरणांचे पाणी आले, ऊस वाढला आणि बारा ते अठरा महिने उभ्या राहणाऱ्या त्या उसात बिबट्याने घर केले. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र याच भागात आहे, ते उगीच नव्हे. बिबट्या हा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी. त्याला मारण्याचा हुकूम फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, तोही पकडणे वा बेशुद्ध करणे शक्य नाही अशी त्यांची खात्री पटल्यावर. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड भागात माणसांचे बळी घेणाऱ्या बिबट्याला नेमबाजांनी टिपले, पण ती वनखात्याने वरिष्ठांच्या परवानगीने केलेली कारवाई होती. लोकांचा संताप समजण्यासारखा आहे. ज्यांच्या घरातले लेकरू गेले त्यांना कायद्याची कलमे सांगायला आमचीही जीभ रेटत नाही. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवावर बेतले असता सद्भावनेने केलेला बचाव गुन्हा ठरत नाही, एवढी तरतूद कायद्यात आहे. पण दुर्बीण लावून, दबा धरून, दीडशे यार्डांवरून केलेला 'बचाव' कोणते न्यायालय मान्य करील? पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला किमान तीन व कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. शिवाय गुन्हा शाबीत झाल्यास शस्त्र परवाना रद्द करून पाच वर्षे नवा मिळू नये, असा आदेशही न्यायालय देऊ शकते. पिढ्यानपिढ्या जपलेली बंदूक एका रात्रीत जाते.

दुर्बिणीतून पाहणे म्हणजे बंदूक रोखणे

चाचांकडे चहा घेताना एक गोष्ट निघाली आणि आमच्या मते या साऱ्या विषयातील तीच सर्वांत महत्त्वाची. चाचा म्हणाले, "मारायचं जाऊ द्या. रात्री मक्यात काय हाललं ते तरी बंदुकीच्या दुर्बिणीतून दिसंल का नाही?" दिसेल. पण बंदुकीवर बसविलेल्या दुर्बिणीतून ज्याकडे पाहाल, त्याच्याकडेच नळीचे तोंड असते. या भागात शेतीपंपाला वीज अनेकदा रात्रीच्या पाळीने मिळते. रात्री दोन वाजता उसात जे हलते ते डुक्कर असेल, बिबट्या असेल, किंवा बारे द्यायला आलेला शेजाऱ्याचा पोरगा असेल. ऊसतोडीच्या दिवसांत फडाच्या कडेला कोयत्यांची बिऱ्हाडे झोपलेली असतात, पोरेबाळे पहाटे उठून बाहेर जातात. भरल्या बंदुकीच्या दुर्बिणीने 'कोण आहे' हे शोधणे म्हणजे आधी माणसावर नेम धरायचा आणि मग ओळख पटवायची.

पाहण्यासाठी दोन डोळ्यांची साधी दुर्बीण घ्यावी. तिच्यावर ७ गुणिले ५०, ८ गुणिले ४२ असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी निघते. ७ गुणिले ५० ला ती ७ मि.मी. भरते. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते, म्हणून संधिप्रकाशात ही दुर्बीण उत्तम. वय झाले की बाहुली पाच मि.मी.च्या आसपासच उघडते. तेव्हा चाचांच्या वयाला ८ गुणिले ४२ चालते, आणि ती वजनालाही हलकी. बाजारात '३० गुणिले ६०' वा त्याहून मोठे आकडे छापलेल्या ज्या दुर्बिणी रस्त्यावर विकल्या जातात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. तीस पट मोठे करणारी दुर्बीण हातात धरली तर छातीच्या ठोक्यानेही चित्र नाचते. मुळात ते आकडेही बहुधा खोटेच असतात.

मंचरची .३१५

मंचरहून आलेल्या सुरक्षारक्षक भाईंची गोष्ट निराळी. त्यांच्याकडे खरीखुरी रायफल, सरकारी कारखान्याची .३१५. बँकेच्या पहाऱ्यात तीस वर्षे खांद्यावर वागविलेली. निवृत्तीनंतर आता नेमबाजीच्या मैदानावर जावे, डोळे थोडे अधू झाले आहेत म्हणून दुर्बीण बसवावी, असा त्यांचा बेत. यात गैर काही नाही. पण .३१५ ची घडण जुनी आहे. तिच्यावर दुर्बीण बसविण्याच्या खाचा वा भोके कारखान्यातून तयार येत नाहीत. पट्टी बसवायची तर पोलादात भोक पाडावे लागते, आणि ते काम गावच्या लेथवाल्याकडून करून घेणे हा गुन्हा होऊ शकतो, कारण शस्त्राची दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. म्हणजे दुर्बिणीच्या किमतीत पट्टी, कड्या आणि परवानाधारक कारागिराची मजुरी मिळवावी लागते. भाईंनी सात हजार धरले होते. आम्ही हिशेब मांडला तेव्हा तो आकडा दुप्पट झाला. असे करण्याआधी जिल्हा शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारून घ्यावे, तोंडी विचारणा उपयोगाची नाही.

ज्यांना तरीही घ्यायचीच आहे, त्यांनी कशी निवडावी ते आता सांगतो. येथे आमच्याही पदरी एक फजिती आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातील दुकानातून आम्ही एक दुर्बीण घेतली होती, एका स्नेह्याच्या .२२ साठी. नळीवर ठळक अक्षरात 'वॉटरप्रूफ' कोरलेले. पहिल्याच मृगात भिंगाच्या आत दव जमले आणि भाद्रपदापर्यंत आत बुरशीची नक्षी उमटली. दुकानदार म्हणाला, "साहेब, पाण्यात बुडवायची थोडीच असते!" तेव्हापासून कोरीव अक्षरांवर आमचा विश्वास नाही.

स्वस्त दुर्बिणीत पैसे कोठे वाचवावेत आणि कोठे वाचवू नयेत, हे कळणे म्हणजेच निवड. पट जितकी जास्त तितकी दुर्बीण चांगली, हा समज सर्वांत महागात पडतो. शंभर यार्डांच्या आतल्या कामाला चार पट पुरते. ३ ते ९ पट कमीजास्त होणारी, ४० मि.मी. भिंगाची दुर्बीण आज सर्वत्र विकली जाते आणि तीही वाईट नाही. पण त्याच पैशात स्थिर चार पटीची, ३२ मि.मी. भिंगाची घेतली तर काच अधिक चांगली मिळते, कारण आत हलणारे भाग कमी असतात. वरचा भागाकार येथेही करून पाहा : ३२ भागिले ४ म्हणजे ८ मि.मी., तर ४० भागिले ९ म्हणजे साडेचारही नाही. संध्याकाळी नऊ पटीवर ठेवलेली दुर्बीण काळवंडते ती यामुळेच. लाल-हिरवे दिवे लागणाऱ्या तारा, बाजूला जोडलेले लेसर, अंतर मोजण्याच्या खुणांचे जाळे ही सारी स्वस्त मालावरची झिलई आहे. आठ हजारांच्या आतल्या मालात दिवा असेल तर तो दिव्याचा खर्च काचेतूनच काढलेला असतो, असे खुशाल समजावे.

काच ओळखण्याची सोपी युक्ती आहे. दुकानातील दिव्याखाली भिंग थोडे तिरके धरावे. दिव्याचे प्रतिबिंब पांढरेफटक दिसले तर काचेवर लेप नाही. हिरवट, जांभळट, मंद दिसले तर एकाहून अधिक लेप आहेत. पुढचे व मागचे अशी दोन्ही भिंगे पाहावीत, कारण पुष्कळदा गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या पुढच्या भिंगालाच लेप दिलेला असतो. संपूर्ण माणकासारखी लाल चमकणारी काच भपकेबाज दिसते, पण तांबडा प्रकाश बाहेर फेकत असल्याने चित्र निळसर पडते. आम्ही तरी ती घेणार नाही.

डोळा आणि भिंग यांतील अंतर हा जिवाचा प्रश्न आहे. .३१५ सारखी रायफल झटका मारते. तिच्या दुर्बिणीचे पूर्ण चित्र किमान तीन इंचांवरून, शक्यतो साडेतीन इंचांवरून दिसायला हवे. त्याहून जवळ डोळा न्यावा लागत असेल तर पहिल्याच बाराला भुवईवर चंद्रकोर उमटते. दुकानात बंदूक नसली तरी फूटपट्टी असतेच. ती लावून पाहावे, लाजू नये.

तिसरी कसोटी टकटकीची. वरची व बाजूची चकती फिरविली की टकटक होते. बहुतेक दुर्बिणींत एक टक म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच. २५ यार्डांवर तीच टक एक सोळांश इंचाची होते. टकटक स्पष्ट ऐकू यावी, बोटाला जाणवावी, पिठासारखी मऊ नसावी. खरी परीक्षा मैदानावर होते. बंदूक पिशव्यांवर टेकवून एक गोळी मारा. मग तारा वीस टका वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे फिरवा, प्रत्येक वेळी त्याच खुणेवर नेम धरून एकेक गोळी मारत जा. कागदावर चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटची गोळी पहिल्याच्या शेजारी पडली पाहिजे. १०० यार्डांवर त्या चौकोनाची बाजू पाच इंच भरते. चौकोन वाकडा आला तर दुर्बीण परत करावी. म्हणून खरेदी करतानाच 'आठ दिवसांत परत' असे पावतीवर लिहून घ्यावे. पावतीच देत नसेल तर त्या दुकानाची पायरी उतरावी, मग माल कितीही स्वस्त असो.

पाण्याची परीक्षा आम्ही फजितीनंतर शिकलो. दुर्बीण पिशवीत घालून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायची आणि बाहेर काढायची. बाहेरून दव येईल, ते पुसले जाते. आतल्या बाजूने दव आले तर नळीत नायट्रोजन भरलेला नाही, किंवा असला तरी निघून गेला आहे. सह्याद्रीच्या कुशीत ज्यांना पावसाळा काढायचा आहे, त्यांनी ही परीक्षा चुकवू नये.

नावांविषयी थोडे. मोठ्या नावांचा नकली माल बाजारात अफाट आहे. निकॉन कंपनीने रायफलीच्या दुर्बिणी बनविणे थांबविल्याला काही वर्षे झाली, तरी त्या नावाचा 'कोरा करकरीत ताजा माल' कोणी पुढे केला तर काय समजायचे ते समजावे. नाव कोरले आहे की नुसते चिकटविले आहे, खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता व किंमत छापली आहे का, हे पाहावे. परदेशातून नातेवाइकाच्या बॅगेतून आणविण्याचा मोह आखाती देशांत माणसे असलेल्या घरांत फार असतो. बंदुकीवर बसवायची दुर्बीण कस्टमवाल्यांच्या लेखी खेळणे नव्हे. ती अडकली तर भाच्याची सुट्टी विमानतळावरच जाते. रात्रीच्या अंधारात दिसणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत तर लेखी खुलासा घेतल्याशिवाय हात लावू नये.

पुतण्याची एअर रायफल

चाचांचा पुतण्या कॉलेजात आहे. त्याने बचत करून साडेचार मि.मी.ची, म्हणजे .१७७ ची एअर रायफल घेतली. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे या मापाच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी जोराच्या हवेच्या रायफलीला सामान्यतः परवाना लागत नाही, म्हणून तिचा खप मोठा. तिच्यावर त्याने दुर्बीण बसविली होती, रायफलीचीच, एका मित्राकडून जुनी घेतलेली. तीन महिन्यांत आतल्या तारा तिरक्या झाल्या. त्याचे म्हणणे, "अंकल, छोटी बंदूक आहे, मोठ्या बंदुकीची दुर्बीण तर हिच्यावर टिकायलाच पाहिजे." हिशेब उलटा आहे. स्प्रिंगच्या एअर रायफलीत स्प्रिंग सुटताना बंदूक मागे येते आणि दट्ट्या टोकाला आदळताच पुढे झेपावते. असे दोन्ही बाजूंचे धक्के साध्या रायफलीच्या दुर्बिणीला सोसत नाहीत. म्हणून हवेच्या बंदुकीसाठी 'एअर रायफलची' असे स्पष्ट सांगूनच दुर्बीण मागावी.

दुसरी अडचण जवळच्या अंतराची. मोठ्या रायफलीच्या दुर्बिणी साधारण १०० यार्डांसाठी, .२२ च्या ५० यार्डांसाठी जुळविलेल्या असतात. दहा मीटरवर त्यांतून पाहिले तर चित्र पुसट, आणि डोके जरा हलले की तारा लक्ष्यावरून सरकतात. पाहायचे असेल तर बंदूक पिशवीवर टेकवून, हात न लावता, नुसते डोके इकडेतिकडे हलवावे. तारा जागच्या राहिल्या तर ठीक. पुढचे भिंग फिरवून दहा यार्डांपर्यंत जुळविता येणारी चार पटीची दुर्बीण त्याला पुरेल. ती साध्या दुर्बिणीहून थोडी महाग पडते, पण तीन महिन्यांनी दुसरी घेण्यापेक्षा स्वस्त. कड्या ११ मि.मी.च्या खाचेवर बसणाऱ्या, आणि मागे सरकू नये म्हणून अडसराची खीळ असलेल्या घ्याव्यात. स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. पुतण्याने पान्याला पाइप लावून आवळले होते, नळीवर कडीचा वळ स्पष्ट दिसत होता!

मात्र त्याला नेमबाजीत पुढे जायचे असेल तर दुर्बीण घेऊच नये, असे आम्ही त्याला बजावले. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत बंदुकीवर दुर्बीण चालतच नाही. दहा मीटरच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तो बारीक भोकाच्या चकतीतून टिपायचा असतो. कोल्हापूर जिल्ह्याचा स्वप्निल कुसाळे याने २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले, तेही अशाच साध्या चकतीवर. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेत्या झाल्या, त्याही तशाच. पुण्यात बालेवाडीला मैदान आहे. दुर्बिणीचे तीन हजार तेथे सरावाच्या फीला आणि चांगल्या छर्ऱ्यांना लावावेत. आणि शिकारीच्याच गोष्टी करायच्या तर जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या वाघिणीनंतर १९०७ साली भेट मिळालेली .२७५ रिग्बी रायफलही उघड्या माशीचीच होती.

पाखरांवर एअर रायफल चालविण्याबद्दल मात्र त्याला आम्ही स्पष्ट तंबी दिली. परवाना लागत नाही म्हणजे शिकार माफ आहे असे नव्हे. मोर तर पहिल्या अनुसूचीत आहे. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये सरकारने लोकांना एअरगन स्वखुशीने जमा करण्याचे आवाहन केले, ते याच कारणाने.

परवानाधारकांसाठी आणखी एक व्यवहारी सूचना. निवडणुका आल्या की अनेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. दुर्बीण बसविलेली बंदूक तशीच दिली तर कोठडीत ती कोणाच्या अंगावर पडेल, सांगता येत नाही. दुर्बीण काढून घरी ठेवावी, काढण्यापूर्वी कड्यांची जागा पेन्सिलने आखावी, आणि परत आल्यावर मैदानावर पुन्हा नेम बसविल्याशिवाय ती वापरू नये. दुर्बिणीसह जमा करायचीच झाली तर पावतीवर दुर्बिणीचे नाव व नंबर लिहून घ्यावा. तसेच वय झालेल्या परवानाधारकांनी एक ध्यानात ठेवावे : सत्तरी पूर्ण झाल्यावर, किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगून झाल्यावर, ते हयातीतच वारसाच्या नावे करण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. दुर्बिणीवर खर्च करण्याआधी बंदूक पुढे कोणाची राहणार ते ठरवावे, नाहीतर बाप गेल्यावर मुले बंदूक जमा करतात आणि दुर्बीण पोरांच्या खेळण्यात जाते.

चाचांच्या मक्याचे काय झाले, हे वाचक विचारतील. आम्ही दोघे नारायणगावात गेलो. त्यांच्या नऊ हजारांत सौर बॅटरीवरचे झटका मशीन आले आणि मक्याच्या तुकड्याभोवती दोन पदरी तार आली. झटका मशीन आणि घरची वीज यांत गल्लत नको, असे दुकानदारानेच दोनदा सांगितले. घरची वीज तारेत सोडल्याने माणसे मेल्याच्या बातम्या दर हंगामात येतात, आणि तो सरळ गुन्हा आहे. नुकसानभरपाईचा अर्ज चाचांनी कधी केलाच नव्हता. "कोण हेलपाटे मारील?" हे त्यांचे म्हणणे. लोळलेल्या मक्याचे फोटो काढून तो अर्ज त्याच दिवशी वनखात्याकडे दिला.

उरलेल्या पैशांत पुण्याच्या एका कॅमेरा दुरुस्ती करणाऱ्याकडून ७ गुणिले ५० ची जुनी दुर्बीण मिळाली. भिंगावर थोडी बुरशी होती, ती त्याने काढून दिली. वयाच्या हिशेबाने आम्ही ८ गुणिले ४२ सुचविली होती, पण ती महाग पडत होती. जाता जाता, हा धंदा लक्षात घेण्याजोगा आहे. घड्याळ दुरुस्तीचा हात असलेल्या आपल्या कितीतरी तरुणांना दुर्बीण उघडून साफ करणे आणि दोन्ही नळ्या जुळविणे सहा महिन्यांत येईल. ट्रेकिंगवाले, पक्षी पाहणारे आणि आता शेतकरीही गिऱ्हाईक आहेत, आणि असे काम जाणणारा कारागीर जिल्ह्यात शोधून सापडत नाही.

पंधरा दिवसांनी चाचांचा फोन आला. माळ्यावरून पाहिले तर डुकरे उत्तरेच्या ओढ्याने येतात हे कळले, म्हणून त्या बाजूला तारेचा तिसरा पदर टाकला आहे. बंदूक कपाटात आहे. माशीला थोडा गंज चढला होता, तो तेवढा तेलाने पुसून घेतला.